चार इंच माया

जून लागला की वरवंडात दोन ठिकाणी पाय ठेवायला जागा नसायची. एक बी-बियाणांच्या दुकानात आन् दुसरं महबूब टेलरच्या. शाळा उघडायला आठ दिवस उरले की आया पोरांच्या बखोटीला धरून यायच्या आन् दारातनंच ओरडायच्या, "महबूबभाई, वाढत्या अंगाचं शिवा बरं का! दोन वर्सं तरी पुरलं पायजे."

महबूबला हे सांगावं लागत नव्हतं. पोराचं अंग आज आहे तेवढंच शिवणारा टेलर या मुलखात उपाशी मरतो. फ्रॉकाच्या खालच्या घेरात दोन इंच कापड आत दुमडून टाकायचं, पुढच्या जूनला ते उसवून इस्त्री फिरवायची, की झाला फ्रॉक नवा. त्या दुमडून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. पुण्याच्या टेलरकडं माया अर्धा इंच. महबूब इंचाच्या खाली कधी उतरला नाही.

आता तो शिवत नाही. डोळ्याला मोतीबिंदू, आन् गिऱ्हाइकाला दौंडच्या तयार कपड्यांच्या दुकानांची चटक. मशीन कोपऱ्यात उभी आहे, तिच्यावर बायकोनं, नूरबीनं, कोथिंबिरीची पाटी ठेवलेली असते. पण संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर जुन्या दिवसांचा विषय निघाला, की महबूब फिरून फिरून अठ्ठ्याण्णव सालावर येतो. त्या साली त्याच्या वहीनं एका पोरीचा घात केला होता. केला होता म्हणजे, करता करता राहिली.

वहीचं असं होतं. महबूब शिवण शिकला दौंडच्या रेल्वे कॉलनीत, रेल्वेच्या खलाशांचे डगले शिवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली. उस्तादाचे नियम दोन. पहिला, माणूस पुढ्यात आला की आधी उभं माप घ्यायचं, टाळूपासून टाचेपर्यंत, मग छाती आन् कंबर. दुसरा, वहीत जे दिसतं ते लिहायचं नाही, जे शिवायचं ते लिहायचं. म्हणजे पोरगी एक्केचाळीस इंच भरली आन् एक इंच वाढ धरली, तर वहीत लिहायचं बेचाळीस. आन् किती वाढ धरली ते आपल्याला कळावं म्हणून आकड्याच्या शेजारी शिसपेन्सिलीनं बारीक ठिपका. इंचाला एक. आकडा बॉलपेनाचा, ठिपका पेन्सिलीचा. तीस वर्षं हे ठिपके महबूबशिवाय कुणी वाचले नाहीत आन् कुणाला वाचायची गरजही पडली नाही.

हर्षदा ही गेणबा धनगराची नात. गेणबा जवानीत मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, पुढं मेंढरं मोडली आन् तो शेतीत रुतला. त्याचा पोरगा हनुमंत रेल्वेत गँगमन. पाटस स्टेशनावर सायकल लावायची आन् शटल धरून दौंड गाठायचं, हा त्याचा रोजचा रिवाज. हर्षदा आन् महबूबचं शेंडेफळ सायमा एकाच वर्गात. दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातनं निघायचे.

अठ्ठ्याण्णवच्या जूनला हर्षदाची आई, मुक्ताबाई, मागच्या सालचा फ्रॉक घेऊन आली. बगलेत विरला होता. महबूबनं घेर उलटा केला. तीन इंच माया जशीच्या तशी. एक टाका निघालेला नव्हता.

"मुक्ताबाई, औंदाबी उसवायची येळ आली न्हाई."

"औंदा वाढंल, भाऊ. माझी नणंद अशीच हुती. एकाएकी उसासारखी वाढली. तुम्ही जरा जास्तच माया ठेवा."

दर साली हेच. पंच्याण्णवला त्यानं एक इंच धरला. पोरगी दोन वाढायच्या जागी एकच वाढली, म्हणून शहाण्णवला दोन धरले. मग तीन. पोरगी जितकी मागं राही, तितकी तिच्या घेरात माया वाढत जाई. औंदा त्यानं टेप लावला, चव्वेचाळीस भरले. वहीत लिहिलं अठ्ठेचाळीस, शेजारी ठिपके चार. लिहिलं आन् त्याचा हात थांबला. सायमा तिथंच बाजूला बटणं निवडत बसली होती. दोघी दहा वर्षांच्या, पण हर्षदा सायमाच्या खांद्याला लागत नव्हती.

संध्याकाळी हनुमंत सायकलवरनं चालला होता, त्याला महबूबनं थांबवलं. "हनुमंता, हिला डॉक्टरला दाखव. मी डॉक्टर न्हाई, पण कापड खोटं बोलत न्हाई. चार वर्सांत मी हिचा घेर उसवला न्हाई."

घरी गेणबानं ते उडवून लावलं. "कळपात एखादं कोकरू खुजं निघतंच. त्याला काय दवाखान्यात नेत्यात?"

"त्याला खाटकाकडं नेत्यात, आबा," हनुमंत म्हणाला. "हिला कुठं नेऊ?"

गेणबा त्यावर तंबाखू मळत बसला.

रेल्वेच्या दवाखान्यातनं चिठ्ठी मिळाली आन् ऑगस्टात हनुमंत पोरीला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हर्षदाच्या पंजाचा फोटो काढला. एक गोळी देऊन अर्ध्या-अर्ध्या तासानं चार वेळा रक्त घेतलं. मग हनुमंताला समोर बसवून त्याला कळेल अशा बोलीत सांगितलं. मेंदूच्या बुडाला मटाराएवढी ग्रंथी असते. तिच्यातनं वाढीचा रस निघतो. तुमच्या मुलीला तो फार कमी निघतो. पूर्वी हे औषध मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतनं काढत, त्यातनं काही मुलांना मेंदूचा वाईट रोग जडला, म्हणून ते बंद झालं. आता प्रयोगशाळेत जंतूंकडून अगदी तसाच रस बनवून घेतात. रोज एक सुई, वर्षानुवर्षं. पण घाई करायला हवी. हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, तिथनं माणूस वाढतं. पोरगी शहाणी झाली की दोन-तीन वर्षांत ती मिटते, मग कितीही सुया टोचा, केसभरही वाढ नाही.

औषध एवढं महाग, की महिन्याच्या सुयांना हनुमंताचे तीन पगार पुरले नसते. रेल्वे ते देणार होती, पण त्याला कमिटी. आन् कमिटीचा नियम असा, की मुलाची वाढ खरंच खुंटली आहे याचा वर्षभराचा मापाचा पुरावा पाहिजे. नसेल तर एक वर्ष थांबा, दर तीन महिन्यांनी येऊन उंची मोजून जा, मग बघू. नियम काही उगाच नव्हता. प्रत्येक बुटक्या पोराला हे औषध लागत नाही, आन् नको त्याला दिलं तर अंगाशी येतं.

"आधीची कुठली मापं आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हनुमंताच्या डोक्यात उजेड पडला. चार सालांची मापं आहेत की, महबूबभाईच्या वहीत!

त्यानं दुसऱ्या दिवशी चारी पानांची झेरॉक्स काढली आन् अर्जाला जोडून दिली. महबूब दिवसभर छाती पुढं काढून हिंडला. नूरबीला म्हणाला, "देखा? सरकारात गेली आपली वही."

पंधरा दिवसांनी हनुमंत दुकानात आला तो सायकल स्टँडला न लावता, तशीच भिंतीवर फेकून.

"भाई, काय लिहून ठिवलंय तुम्ही?"

"काय झालं?"

"काय झालं? जूनला अठ्ठेचाळीस लिवलंय! आन् ऑगस्टात बाईंनी मोजली तवा चव्वेचाळीस. तिथला क्लार्क सगळ्या ऑफिसात मोठ्यानं इचारतोय, पोरगी धुतल्यावर आटली का? वर म्हणतो, खोटा कागद जोडला म्हणून नोटीस निघंल. अर्ज माघारी आलाय. आता एक वर्स थांबा म्हणत्यात. आन् वर्सानं ती शहाणी झाली म्हंजी?"

महबूबनं झेरॉक्स हातात घेतली. बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. ओळीनं दोन-दोन इंच वाढणारी, दृष्ट लागावी अशी पोरगी. ठिपके कुठंच नव्हते. पेन्सिलीची ती फिकट टिंबं मशीननं उचललीच नव्हती.

तो खाली बसला. तीस वर्षांत कुणी त्याच्या कात्रीला नाव ठेवलं नव्हतं. आज त्याच्या आकड्यानं एका पोरीचं वर्ष कापलं होतं.

नूरबी आतनं सगळं ऐकत होती. "मैं बोली थी ना," ती म्हणाली, "तुमारे ठिपके एक अल्लाह को समझते, और किसको नई!"

मंगळवारी महबूबनं दुकान बंद ठेवलं. जूनपासनं गणपतीपर्यंत त्यानं सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं, म्हणून लोकांना वाटलं कुणीतरी वारलं. त्यानं पिशवीत वही घेतली, टेप घेतला, हर्षदाचा जुना फ्रॉक घेतला आन् सायमाचाही. पाटसहून गाडी धरली. हनुमंत खिडकीबाहेर बघत बसला होता. हर्षदा मधोमध.

"मामा," तिनं हळूच विचारलं, "मी खरंच आटले का?"

"कापड आटतं गं. माणूस न्हाई आटत."

"मग आकडा कसा आटला?"

"ते माझं शहाणपण हाय. तेच निस्तरायला चाललोय."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई समोर, आन् बाजूला तोच क्लार्क फाइल धरून. महबूबनं वही उघडली, ठिपके दाखवले, उस्तादाचा नियम सांगितला. बाईंनी चष्मा सरकवून ठिपके पाहिले.

"हे ठिपके तुम्ही काल काढले नाहीत कशावरून?"

विचारणं रास्त होतं. महबूबला राग आला नाही. त्यानं पिशवीतनं हर्षदाचा फ्रॉक काढला, टेबलावर उलटा पसरला आन् बारक्या कात्रीनं घेराचे टाके एकेक करून उसवले. दुमड खाली पडली. बाहेरचा फ्रॉक उन्हानं आन् सोड्यानं विटून राखी झाला होता. आतलं तीन इंच कापड मात्र ताग्यातनं आत्ताच फाडल्यासारखं गर्द निळं. दुमडीच्या रेघेत वर्षाची माती बसलेली. मग त्यानं सायमाचा फ्रॉक शेजारी ठेवला. तिची माया कधीच उसवून झाली होती, जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ तेवढी उरलेली, आन् तिच्याखालचं कापडही विटत आलेलं.

"बाई, ठिपका मी काल काढीन," महबूब म्हणाला. "पण वर्साचं ऊन काल कुठनं आणू?"

क्लार्क पुढं वाकला. त्यानं निळ्या पट्ट्यावरनं बोट फिरवलं.

बाईंनी सांगितलं, "माझ्यासमोर मोजा हिला." महबूबनं टेप लावला. चव्वेचाळीस आन् वर एक सूत. बाईंनी आपल्या भिंतीवरच्या मापावर उभं केलं. तेवढंच. मग त्यांनी कागद घेऊन प्रत्येक आकड्यातनं ठिपके वजा केले. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस.

"वर्षाला अडीच सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "या वयाला पाच तरी हवेत. मूळ पानं जोडू या. फाडून द्या."

"फाडू नगा बाई!" महबूबनं वही छातीशी धरली. "पाठीमागं सर्जेराव पाटलाच्या पोराचं माप हाय. दसऱ्याची ऑर्डर हाय त्याची."

बाई हसल्या तेव्हा कुठं हनुमंताच्या तोंडावरचा ताण सैल झाला. शेवटी असं ठरलं, की महबूबनं तिथंच बसून ठिपक्यांवर बॉलपेन गिरवायचं, बाईंनी प्रत्येक ठिपक्याशेजारी सही करायची आन् मग झेरॉक्स. दहा ठिपके, दहा सह्या. बाईंनी वर आपल्या हातानं पानभर लिहिलं. दसऱ्यानंतर मंजुरी आली.

त्या वस्तीत फ्रीज एकट्या नूरबीचा. उन्हाळ्यात ती पोरांना प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी विकायची, त्यासाठीच घेतलेला. इंजेक्शनाच्या बाटल्या दौंडहून थर्मासात बर्फ घालून यायच्या आन् फ्रीजच्या दारात बसायच्या. वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या नाहीत, गोठलं की औषध वाया, हे बाईंनी बजावलं होतं. नूरबीनं त्या कप्प्याला पाटीच लावली, 'हर्षदाची बाटली हितं नगं'. लाइट गेली की ती बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची. दिवस कलला की हर्षदा यायची, मुक्ताबाई आज उजव्या तर उद्या डाव्या मांडीला सुई टोचायची, आन् मग पोरीला एक लाल पेप्सी. पहिल्या दिवशी मुक्ताबाई सुई मांडीजवळ न्यायची आन् मागं घ्यायची, तेव्हा नूरबी नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही टोचा की. जिंदगी सुईत गेली तुमची."

महबूबनं सुई बघितली आन् तो घाम पुसत मशिदीकडं निघून गेला. पुढंही तो त्या वेळेला घरात थांबला नाही.

गावात अर्थातच चर्चेला उधाण आलं. कुणी म्हणालं, म्हशीला पान्हा सोडायला देत्यात तेच हे. कुणी म्हणालं, द्राक्षाचे घड औषधात बुडवून फुगवत्यात, तशी ही पोरगी फुगणार. एक दिवस सर्जेराव पाटील स्वतः दुकानात आले. त्यांच्या तालमीत एक पैलवान होता, त्याला पाटसच्या फडात उतरवायचं होतं.

"महबूब, एखादी बाटली इकडं सरकव की. कुणाला काय कळतंय?"

"पाटील, त्याची हाडं मिटल्याती. उंची वाढायची न्हाई. वाढंल ती जबडा, हात आन् पायाचे पंजे. वरनं साखर लागंल. डॉक्टरीणबाईंनी समदं सांगितलंय."

"आरं, पण एक बाटली!"

"रिकामी बाटली मोजून जमा केल्याबिगर रेल्वे भरलेली देत न्हाई. एक कमी पडली तर पोरीचं बंद पडंल. तुमच्या पैलवानाला अंडी चारा, आन् माझ्याकडनं नवा लंगोट शिवून घ्या. माप हाय तेवढंच धरतो."

पाटील शिव्या देत गेले. लंगोट मात्र शिवून घेतला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या महिन्यात हर्षदाचं डोकं दुखायला लागलं, पाय सुजले. गेणबानं घर डोक्यावर घेतलं, "मी म्हणलो हुतो! पोर घालवता तुम्ही!" बाईंनी आधीच सांगितलं होतं, डोकं दुखून उलटी झाली, डोळ्याला अंधुक दिसलं, नाहीतर पोरगी लंगडायला लागली, तर तडक घेऊन या. हनुमंतानं तडक नेलं. डोळे तपासले, साखर तपासली, आठ दिवस सुया थांबवल्या, मग डोस कमी करून हळूहळू चढवला. ते आठ दिवस महबूब रोज गेणबाच्या अंगणात जाऊन बसायचा. गेणबा त्याला चहा द्यायचा आन् पाठ करून बसायचा.

पुढच्या जूनला महबूबनं हर्षदाला टेप लावला. साडेसत्तेचाळीस. त्याला वाटलं टेप ताणला गेलाय. नवा टेप आणून मोजलं, नूरबीला मोजायला लावलं. साडेसत्तेचाळीसच. साडेतीन इंच, एका वर्षात. त्यानं वहीत तेवढंच लिहिलं. त्या सालापासनं हर्षदाचं माप त्यानं ठिपक्याशिवाय लिहिलं, दर तीन महिन्यांनी, आन् पुण्याच्या बाई ते पान आपल्या तक्त्याशी ताडून बघायच्या.

नीलगिरीसारखी काही ती झाली नाही. सहा वर्षं सुया घेऊन चार फूट दहा इंचांवर थांबली, हाडं मिटली, बाईंनी औषध बंद केलं. सायमा तिच्याहून चार बोटं उंच. मुक्ताबाईच्या कानाला लागली एवढंच. पण महबूबच्या मनात तिचं जे रूप बसलंय, ते त्याआधीचं, दोन हजार दोन सालचं.

त्या दिवशी गेणबा आन् हर्षदा रिकाम्या बाटल्या जमा करायला दौंडला निघाले होते. महबूबला दोऱ्याची रिळं आणायची होती, म्हणून तोही त्याच एस.टी.त. हर्षदा तेव्हा चौदाची. कंडक्टर पंच वाजवत आला.

"येक फुल, येक हाफ," गेणबा म्हणाला. सवयीनंच म्हणाला. नातीला बारा कधीच झाली होती, पण कुठल्या कंडक्टरनं आजवर मान वर करून बघितलं नव्हतं. पोरगी खाली मान घालायची आन् हाफ फाटायचं.

हा कंडक्टर नवा होता. त्यानं हर्षदाकडं बघितलं. "बाबा, ही हाफ? फुल पडंल."

"का म्हणून? जल्मापासनं ह्याच गाडीला हाफ काढतोय! इचार कुणालाबी!"

"तवा बारकी आसंल. आता वाढली की पोरगी."

गेणबाचं तोंड भांडायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यानं महबूबकडं बघितलं. महबूब खिडकीतनं पाटसच्या कारखान्याचं धुराडं बघत होता आन् काही केल्या मान वळवत नव्हता.

"काय म्हणलास?" गेणबानं कंडक्टरला विचारलं.

"म्हणलं, वाढली पोरगी. फुल घ्या. फुकटात बसवू का?"

"लुटा गरिबाला," गेणबा म्हणाला आन् कोपरीत हात घातला. पण ते एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की मागच्या बाकावरच्या बायांनी माना वर केल्या. "द्या! दोन फुल द्या! ह्या पोरीचं फुल द्या!"

कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून गेणबापुढं धरली. हर्षदानं मधेच हात घातला.

"आबा, माझं माझ्याकडं द्या," ती म्हणाली.